पाच इंची इंजिन, पंधरा मिलिमीटरचा आस: बेअरिंग घट्ट कुठे, सैल कुठे?

बॉल बेअरिंग विकत घेणं ही जगातल्या सोप्या गोष्टींपैकी एक आहे. दुकानात जाऊन '६००२ द्या' म्हणायचं, दुकानदार काही न विचारता पुडकं काढून देतो. त्या आकड्यातच सगळं असतं. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचं माप सांगतात: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. कंपनी कुठलीही असो, ६००२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३२ आणि जाडीला ९ मिमी.

अवघड भाग दुकानाबाहेर सुरू होतो. हे आसावर बसवायचं कसं? ज्याला विचाराल तो म्हणतो, 'ठोकून बसव ना, त्यात काय!' माझी पीएचडी ट्रायबॉलॉजीत, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासात चालली आहे आणि त्यातलाही माझा कोपरा फार छोटा आहे: बेअरिंगमधली गोळी आणि ती जिच्यातून धावते ती खाच, यांच्यात नेमकं काय घडतं. या विषयात 'त्यात काय' या प्रश्नाचं उत्तर काही मायक्रॉनमध्ये द्यावं लागतं. (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जाईल.)

उदाहरण म्हणून मी मुद्दाम एक गमतीशीर यंत्र घेते आहे: माणसं ओढणारं मॉडेल इंजिन. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या हातात मावतील एवढ्या. मी म्हणते ती त्याहून बरीच मोठी. ब्रिटनमध्ये रुळांत पाच इंच अंतर असलेल्या छोट्या रेल्वेचा छंद खूप जुना आहे. 'मॉडेल इंजिनिअर' हे त्यांचं मासिक १८९८ साली सुरू झालं. गावोगावी क्लब, बागेत टाकलेले रूळ, आणि रविवारी इंजिनामागच्या बुटक्या डब्यांवर पाय सोडून बसलेली पोरं. बरीच इंजिनं खरोखर कोळशा-पाण्यावर चालतात, काही बॅटरीवर. आपण चार चाकांचं बॅटरीवालं इंजिन धरू. वजन ४० किलो, चाकाचा व्यास १०८ मिमी, आस १५ मिमी.

आधी हेच विचारू की बॉल बेअरिंग हवंच कशाला? जुन्या डिझाइनमध्ये गनमेटलचा ठोकळा, त्यात भोक, भोकात आस आणि वरून तेलाचा थेंब, एवढंच असतं. ते वाईट अजिबात नाही. १८८३ साली बीचम टॉवर हा इंग्लिश इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या साध्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर तेल आत जाण्याऐवजी तिथूनच वर यायला लागलं. त्याने भोकात बूच मारलं. बूच बाहेर ढकललं गेलं. मग त्याने दाबमापक जोडला, आणि काटा भारावरून काढलेल्या सरासरी दाबाच्या दुपटीच्याही वर गेला. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आपल्याखाली घालत होता आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता. ऑस्बोर्न रेनल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं, आणि आमचा विषय खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

पण तरंगायला वेग लागतो. आपलं छोटं इंजिन ताशी ८ किलोमीटरने निघालं तर चाक सेकंदाला साडेसहा फेऱ्या मारतं आणि १५ मिमीच्या आसाचा पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम ३० सेंटिमीटर सरकतो. सुटताना आणि थांबताना तर त्याहूनही कमी. तेवढ्यात तेलाचा नीट थर उभा राहात नाही, धातूला धातू लागत राहतो. अशा अवस्थेत घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो. बॉल बेअरिंगचा साधारण ०.००१५.

हे आकडे वाचून 'सत्तर पट फायदा!' असं ओरडायचा मोह होतो, तो जरा आवरा. आसावरचं घर्षण चाकाच्या कडेपर्यंत पोचताना आसाच्या आणि चाकाच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होतं, इथे सुमारे एक सप्तमांश. माणसांसकट सगळी गाडी ४०० किलोची धरली तर साध्या बुशवर ती ओढायला साधारण साडेपाच किलोचा जोर लागेल, बॉल बेअरिंगवर शंभर ग्रॅमच्याही आत. त्यात रुळावर चाक लोळण्याचा विरोध वेगळा, तो दोन्हीकडे सारखाच. आणि मुख्य म्हणजे या साडेपाच किलोंतला इंजिनाचा वाटा फक्त एक दशांश आहे! वजन डब्यांत असतं. त्यामुळे पैसे मोजके असतील तर बेअरिंगं आधी डब्यांना घाला, इंजिनाला नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनाला बेअरिंग घालण्याचं खरं कारण घर्षण नाहीच. बुश झिजून आस डुगडुगायला लागला की गिअरची किंवा वाफेच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची मापं बिघडतात. ते टाळणं हा खरा फायदा.

आता एक शंका चटकन येईल. खऱ्या रेल्वेत आसांना साधी बॉल बेअरिंगं का नसतात? तिथे रोलर असतात. अमेरिकेत टिमकेन कंपनीने १९३० मध्ये सगळ्या आसांवर रोलर बेअरिंग असलेलं एक अख्खं वाफेचं इंजिन, क्रमांक ११११, बनवून घेतलं आणि वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर फिरवून दाखवलं. गोळी खाचेला जवळजवळ बिंदूत टेकते, रोलर रेषेत टेकतो, म्हणून जास्त भार पेलतो. पण पाच इंची इंजिन खऱ्याच्या साधारण एक अकरांश असतं. लांबी अकरा पट कमी केली की वजन अकराच्या घनाने घटतं, भार पेलणारं क्षेत्रफळ मात्र अकराच्या वर्गानेच. म्हणजे लहान होताना इंजिन आपोआप अकरा पट 'दणकट' होतं. मुंगी स्वतःपेक्षा जड दाणा उचलते त्यामागेही हाच हिशोब आहे.

किती दणकट ते बघू. बेअरिंगचं आयुष्य काढायचं सूत्र सोपं आहे: कॅटलॉगमधली भारक्षमता भागिले प्रत्यक्ष भार, त्याचा घन, आणि उत्तर दहा लाख फेऱ्यांमध्ये. नव्वद टक्के बेअरिंगं निदान तेवढी टिकतात. ६००२ ची क्षमता सुमारे ५६०० न्यूटन. आपल्या इंजिनात चार बेअरिंगं, प्रत्येकावर १०० न्यूटन. ५६ चा घन १,७५,६१६. म्हणजे तेवढे दशलक्ष फेरे, म्हणजे जवळपास सहा कोटी किलोमीटर. चंद्रावर जाऊन परत, अशा पंचाहत्तरच्या वर खेपा.

बागेत गोल गोल फिरणारं इंजिन एवढं चालणार नाही, हे उघड आहे. म्हणजेच हे बेअरिंग दमून कधीच मरणार नाही. तरी मॉडेलमधली बेअरिंगं खराब होतात, आणि पुष्कळ वेळा त्याचं मूळ बसवण्यात असतं.

पहिला प्रश्न: कुठली रिंग घट्ट आणि कुठली सैल? पाठांतर करू नका, भाराकडे बघा. इंजिनाचं वजन नेहमी खाली. बाहेरची रिंग अ‍ॅक्सलबॉक्समध्ये स्थिर आहे, तिच्या एकाच जागेवर भार येत राहतो. आतली रिंग आसाबरोबर फिरते, तिच्या दृष्टीने भार तिच्याभोवती गोल फिरतो. नियम असा की जिच्याभोवती भार फिरतो ती रिंग घट्ट हवी. सायकलच्या किंवा बैलगाडीच्या चाकात आस जागेवर असतो आणि चाक फिरतं, तिथे हे बरोबर उलटं होतं.

का ते समजायला किल्ल्यांची रिंग बोटावर गरागरा फिरवून बघा. रिंगचा परीघ बोटापेक्षा मोठा, म्हणून प्रत्येक फेरीला ती बोटावरून थोडी पुढे सरकते. बेअरिंगची आतली रिंग आसावर २० मायक्रॉन सैल असेल तर हेच होतं. प्रत्येक फेरीला ती २० मायक्रॉन गुणिले पाय, म्हणजे ०.०६३ मिमी मागे पडते. क्षुल्लक वाटतं ना? एक किलोमीटरमध्ये चाकाच्या जवळपास तीन हजार फेऱ्या होतात. म्हणजे १८५ मिमी. आसाचा परीघ ४७ मिमी. दर किलोमीटरला रिंग आसाभोवती जवळजवळ चार पूर्ण वेढे घासत जाते! आस पोलादाचा पण मऊ, रिंग कडक. आस झिजतो, फट वाढते, फट वाढली की सरकणं वाढतं. काही दिवसांनी बेअरिंगच्या कडेला तांबूस भुकटी दिसते. ते घासून निघालेल्या लोखंडाचं ऑक्साइड. गोळ्या अगदी ठणठणीत असतात आणि तरी इंजिन डुगडुगतं. या सरकण्याला 'क्रीप' म्हणतात.

मग करा खूप घट्ट! असंही चालत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. ६००२ चं भोक नेमकं १५ मिमी नसतं, ते १४.९९२ ते १५.००० च्या दरम्यान असतं, मुद्दाम खालच्या बाजूला. आस १५.००१ ते १५.००९ ठेवला तर घट्टपणा कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १७ मायक्रॉन येतो. रिंग ताणली जाते, आणि त्या ताणाचा बराचसा भाग तिच्या बाहेरच्या खाचेपर्यंत पोचतो. १७ मायक्रॉनातले समजा १३ पोचले. आता नव्या बेअरिंगमध्ये गोळ्या आणि खाचा यांच्यात मुळात मोकळीक किती असते? साध्या प्रकारात ३ ते १८ मायक्रॉन. तुमच्या नशिबी ५ मायक्रॉनवालं आलं तर मोकळीक संपली, उलट गोळ्या चेपल्या गेल्या. असं बेअरिंग हाताने फिरवलं की जड लागतं. म्हणून घट्ट बसवायचंच असेल तर खोक्यावर 'सी३' लिहिलेलं घ्यायचं, त्यात मोकळीक ११ ते २५ असते. पण आपल्या हलक्या भाराला एवढं घट्ट लागतच नाही. आस १४.९९७ ते १५.००५ या मापात असला की झालं.

आता खरी अडचण. घरच्या लेथवर आठ मायक्रॉनच्या पट्ट्यात आस कातणं फार थोड्यांना जमतं. आमच्या वर्कशॉपमधल्या काकांना जमतं, पण ते आधी माप किंचित मोठं ठेवतात, मग बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून घासत घासत खाली आणतात, आणि मधे आस गार होईपर्यंत चहा पितात. चहाची विश्रांती शास्त्रीय आहे: १५ मिमीचा पोलादी आस ६० अंशांनी तापला तर सुमारे ११ मायक्रॉन फुगतो. गरम आसाचं माप घेतलं तर सगळंच ओमफस्. हे जमणार नसेल तर दुसरा मार्ग चिकटवायचा. लॉकटाइटसारखी रिटेनिंग कंपाउंडं मिळतात, ती हवा तुटली आणि धातूचा स्पर्श असला की घट्ट होतात. आस हाताने सरकेल एवढाच ठेवायचा, पुसून तेलकटपणा काढायचा आणि अगदी पातळ थर लावायचा. थर आसावर लावा, बेअरिंगच्या भोकात नको. कारण बेअरिंग सरकवताना जास्तीचं द्रव पुढे ढकललं जातं, आणि ते गोळ्यांकडे गेलं तर बेअरिंग कायमचं बंद. छंद म्हणून करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन, त्यात कमीपणा काही नाही.

बाहेरच्या बाजूचं सोपं आहे. अ‍ॅक्सलबॉक्सचं भोक ३२.००० ते ३२.०२५, म्हणजे बोटाच्या दाबाने रिंग आत जावी. दोन्ही बाजूंना दोन्ही रिंगा घट्ट केल्या तर मापातली छोटीशी चूकही बेअरिंगांना आडवी ओढते.

आता ठोकण्याबद्दल. बेअरिंग आसावर चढवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर तो सगळा दणका गोळ्यांमधून आतल्या रिंगकडे जातो. ६००२ स्थिर असताना पेलू शकतं तो भार सुमारे २८५० न्यूटन, आणि ही मर्यादा ठरवलेलीच अशी आहे की त्या भाराला गोळी आणि खाच यांत मिळून गोळीच्या व्यासाच्या सुमारे दहाहजाराव्या भागाएवढा कायमचा खळगा पडतो. आपल्या गोळीसाठी अर्धा मायक्रॉन. अर्धा किलोचा हातोडा सेकंदाला तीन मीटरने आला आणि ०.२ मिमीत थांबला असं धरा, तर सरासरी बल ११ हजार न्यूटनच्या वर जातं. चौपट! खळगे डोळ्यांना दिसत नाहीत, पण चाक फिरवलं की बोटांना बारीक खडखड कळते. म्हणून आसावर चढवताना जोर फक्त आतल्या रिंगवर द्यायचा: आसावरून सरकेल असा नळीचा तुकडा घ्या, टोकं लेथवर सरळ करून घ्या, आणि बेंचव्हाइसमध्ये हळूहळू दाबा. घरात भरायचं असेल तर फक्त बाहेरच्या रिंगवर. घट्ट फिट असेल तर बेअरिंग आसापेक्षा साठेक अंश गरम करा, ते मघाचे ११ मायक्रॉन तुमच्या बाजूने काम करतात. ज्योतीवर धरू नका, आतलं ग्रीस आणि रबर जळेल. आणि दुसरं चाक दाबून बसवण्याआधी अ‍ॅक्सलबॉक्स, बेअरिंग, सर्क्लिप सगळं आसावर आहे ना ते मोजून घ्या. चाक एकदा बसलं की ते उपटून काढल्याशिवाय बेअरिंग निघत नाही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट राहते, आणि साध्या बुशची सवय असणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. इंजिनाचे अ‍ॅक्सलबॉक्स स्प्रिंगवर वर-खाली होतात. एक चाक रुळाच्या सांध्यावर ३ मिमी उचललं, दुसरं तिथेच राहिलं. दोन बॉक्समधलं अंतर १०५ मिमी धरलं तर आस सुमारे १.६ अंश तिरपा होतो. झिजलेल्या बुशच्या भोकात एवढा तिरपेपणा जिरून जातो. खोल खाचेचं साधं बॉल बेअरिंग मात्र २ ते १० मिनिटं एवढाच तिरपेपणा सहन करतं, आणि एका अंशात ६० मिनिटं असतात. आपण मागतोय ९८! त्यामुळे तिरपं व्हायची मुभा बेअरिंगला नाही, अ‍ॅक्सलबॉक्सला द्यायची. ज्या खाचेत तो वर-खाली सरकतो, तिच्या कडा मध्यभागी मापात ठेवून वर आणि खाली कानशीने थोड्या उतरत्या करायच्या, म्हणजे बॉक्स आसाबरोबर डोलू शकतो. दणकटपणा म्हणून एका बॉक्समध्ये शेजारी-शेजारी दोन बेअरिंगं घालणं तर टाळाच. दोन बेअरिंगं मिळून आसाला घट्ट पकडतात आणि उरलीसुरली मुभाही जाते.

तिरपेपणाचा हा त्रास नवा नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा इंजिनिअर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती हलायची, छताजवळचे लांब शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं जायची. १९०७ मध्ये त्याने बाहेरच्या रिंगची आतली बाजू गोलाच्या तुकड्यासारखी केली, त्यात गोळ्यांच्या दोन रांगा. आस तिरपा झाला तर गोळ्यांसकट आतली रिंग सुखाने तिरपी होते. त्याच वर्षी एसकेएफ कंपनी सुरू झाली. आपल्या आसाला १२०२ या क्रमांकाचं तसलं बेअरिंग मिळतं, अडीच अंशांच्या आसपास तिरपेपणा सहन करणारं. पण मी कानस घेईन.

सीलबद्दल थोडक्यात. पत्र्याचं झाकण रिंगला टेकत नाही, रबराचं टेकतं. एवढ्या हलक्या भाराला रबराचं घासणं गोळ्यांच्या घर्षणापेक्षा कित्येक पट जास्त भरतं, म्हणजे मघाचा ०.००१५ विसरा. तरी बागेतल्या धुळीत आणि दवात मी रबरवालंच घेईन, आणि वाफेच्या इंजिनात तर नक्कीच. राखेची पूड गोळ्यांखाली गेली तर चंद्राच्या पंचाहत्तर खेपांचा हिशोब पहिल्याच महिन्यात मिटतो.

आणि शेवटी माझा कोपरा. इंजिन गाडीच्या डिकीत टाकून लांब नेलं जातं. चाकं फिरत नाहीत, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी प्रत्येक गोळी त्याच जागी काही मायक्रॉन पुढे-मागे हलत राहते. एवढ्याशा हालचालीत ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि परत येत नाही. मग कोरड्या धातूवर धातू घासतो, आणि गोळ्यांच्या अंतराने खाचेत खळगे पडतात, अगदी हातोड्याने पडल्यासारखे. जे. ओ. आल्मेन यांनी १९३७ साली याचा अभ्यास मांडला. रेल्वेने पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींची चाकांची बेअरिंगं एकही किलोमीटर न धावता खराब झालेली असायची. याला 'फॉल्स ब्रिनेलिंग' म्हणतात. ब्रिनेल म्हणजे गोळी दाबून धातूची कठीणता मोजणारा स्वीडिश शास्त्रज्ञ, आणि 'फॉल्स' यासाठी की इथे खळगा दाबाने नाही, घासण्याने पडतो. मी प्रयोगशाळेत हेच मुद्दाम घडवते: एक गोळी, एक चकती, मधे ग्रीस, आणि काही मायक्रॉनची हालचाल लाखो वेळा. कुठलं ग्रीस गोळीखाली परत वाहून येतं आणि कुठलं नाही, हे शोधते आहे. पातळ तेल सोडणारी ग्रीसं परत येतात असं दिसतंय, पण थंडीत तेल घट्ट झालं की तीही अडतात, आणि सध्या माझं काम तिथे येऊन थांबलं आहे. तोवर इंजिन नेताना फ्रेमखाली लाकडाचे ठोकळे द्या, चाकं अधांतरी राहू देत, आणि वाटेत चहाला थांबलात की एकेक चाक हाताने चार-पाच वेळा फिरवा.